टाकी कुठे भरायची: शिनोळीत, बेळगावात की गोव्यात?

मंडळाचा कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की एक विषय हमखास निघतो. कोल्हापूरहून आलेला सांगतो, "हद्द ओलांडून मगच टाकी भरली." गोव्याहून आलेला म्हणतो, "मी पणजीतच भरून निघालो." बोलता बोलता गाडी पेट्रोलवरून कुठले सरकार बरे, कुठले वाईट इथपर्यंत जाते. तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडावा, असे आम्हाला वाटले.

आधी दर का बदलतो ते पाहू. तेल कंपनीचा मूळ दर आणि केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखेच. पंपचालकाचे कमिशन आणि डेपोपासूनची वाहतूक यांत थोडा फरक पडतो. मोठा फरक पडतो तो राज्याच्या करामुळे. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीत आलेले नाही, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापला कर ठरवते. म्हणजे बाची आणि शिनोळी यांच्यामधली रेषा ओलांडली की पेट्रोल तेच राहते, फक्त कर बदलतो.

हा कर कसा फिरतो ते गेल्या काही वर्षांत आपण पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क कमी केले, पाठोपाठ कर्नाटकने आणखी ७ रुपये उतरवले. महाराष्ट्राने तेव्हा कर तसाच ठेवला. मुंबईत पेट्रोल ११० रुपयांच्या जवळ होते आणि बेंगळुरूत साडेशंभरच्या आसपास. लिटरमागे ९ रुपयांहून जास्त फरक! जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केले. मग जून २०२४ मध्ये कर्नाटकने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के केला आणि दर एका रात्रीत ३ रुपयांनी चढला. डिझेलही तेवढेच महागले. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा कर पुन्हा वाढून २१.१७ टक्के झाला. ९ रुपयांचा फरक असा साडेतीन वर्षांत बराच खाली आला.

गोव्याची गोष्टही अशीच. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा कर ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा तिथले पेट्रोल सुमारे ११ रुपयांनी उतरले होते. पुढे तो कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढला. तरीही कर्नाटकच्या जून २०२४ च्या वाढीनंतर गोव्याचे पेट्रोल बेळगावपेक्षा पाच-सहा रुपयांनी स्वस्त पडू लागले.

देशाच्या सीमेवरही असेच घडते. बिहारमधले रक्सौल नेपाळला लागून आहे. नेपाळला इंधन पुरवते आपलीच इंडियन ऑइल, आणि २०१९ पासून मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत पाइपलाइनही आहे. तरी २०२१ च्या सुरुवातीला नेपाळात पेट्रोल आपल्यापेक्षा सुमारे २० रुपयांनी स्वस्त होते आणि रक्सौलची माणसे पलीकडे जाऊन टाकी भरून येत. पुढच्याच वर्षी जूनमध्ये नेपाळात दर १९९ नेपाळी रुपयांवर, म्हणजे आपल्या सुमारे १२४ रुपयांवर गेला. मग नेपाळच्या गाड्या इकडे येऊ लागल्या. रक्सौलचा माणूस तोच, पंपही तेच. वर्षभरात रांगेची दिशा तेवढी उलटली.

आता आपल्या खिशाचा हिशेब. टिळकवाडीहून शिनोळीला जाऊन येणे म्हणजे अंदाजे ३० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर २ लिटर, म्हणजे दोनशे रुपये रस्त्यातच जळतात. ३५ लिटर भरले आणि रुपयाचा फरक असला तर वाचतात ३५ रुपये. मुद्दाम जाणे परवडायला लिटरमागे सहा रुपयांचा तरी फरक हवा. दुचाकीचे तर बोलायलाच नको. गोव्याचा दर कितीही मोहाचा असला तरी त्यासाठी कुणी चोर्ला घाट उतरू नये. पण देवदर्शनाला किंवा लग्नाला गेलाच असाल, तर परतताना तिथेच टाकी भरावी. नियम एवढाच: वाटेत असेल तिथे भरा, वाट वाकडी करून जाऊ नका. आणि उरलेले प्लॅस्टिकच्या कॅनमधून घरी आणण्याचा धोका तर मुळीच पत्करू नका.

खरा फरक पडतो तो मालवाहतुकीला. तीनशे लिटर डिझेल घेणाऱ्या ट्रकला रुपयाच्या फरकाने एका फेरीत ३०० रुपये वाचतात आणि हद्द तर त्याला ओलांडायचीच असते. म्हणून कर वाढला की पहिला फटका हद्दीजवळच्या पंपाला बसतो. कमिशन लिटरवर मिळते. ट्रक न थांबता पुढे गेला की मालकाचे कमिशन बुडते आणि तिथे काम करणाऱ्या मुलांच्या नोकरीवर गदा येते. ही मुले आपल्याच गावांतली असतात. बेंगळुरूत किंवा मुंबईत कर ठरवताना निपाणी, कागल, चंदगडचा पंप कुणाच्या डोळ्यांसमोर असतो, असे वाटत नाही. शेजारच्या राज्याचा दर पाहून सीमाभागाचा वेगळा विचार व्हावा, ही मागणी दोन्ही बाजूंच्या आमदारांकडे करता येईल. तिला भाषेचा अडसर नाही.

चहाच्या वेळच्या वादाबद्दल शेवटी एक सांगावेसे वाटते. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो आपल्या भाषेचा, शाळांचा, कागदपत्रांचा प्रश्न आहे. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध पेट्रोलचा दर पुरावा म्हणून आणू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटक स्वस्त होते म्हणून आपले मराठीपण कमी झाले नव्हते, आणि जून २०२४ मध्ये ते महागले म्हणून वाढलेही नाही. पंपावरचा आकडा पुढच्या अर्थसंकल्पात पुन्हा फिरेल. तोवर निघण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहावा, हिशेब करावा आणि चहा थंड होण्याआधी प्यावा.