पंप चालू राहण्याचे अर्थकारण

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो आणि मार्च उलटला की त्याच डोंगरांवरील पाड्यांत टँकरची वाट पाहिली जाते. या विसंगतीचे खापर कातळावर फोडण्याचा प्रघात आहे. काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, ते उताराने वाहून जाते, हे खरेच आहे. परंतु जेथे पाणी उरते तेथेही दुसरी एक अडचण शिल्लक राहते. पाणी दरीत असते आणि माणसे माथ्यावर.

मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण बांधण्यात आले. त्याचे काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. वैतरणेचे हे पाणी मोडकसागरमार्गे उताराने मुंबईकडे जाते. डोंगर उतरण्यासाठी त्याला विजेची गरज भासत नाही. याच खोऱ्यातील पाड्याला मात्र आपल्या हंडाभर पाण्यासाठी ते वर चढवावे लागते. निसर्गाने दूरच्या शहराला उतार दिला आणि जवळच्या पाड्याला चढ. म्हणून येथे पाण्याचा प्रश्न अंतिमतः पंपाचा, आणि पंपाचा प्रश्न विजेचा होऊन बसतो.

शहराला पंप लागत नाहीत असे नव्हे. भातसा नदीचे पाणी पिसे आणि पांजरापूर येथील उदंचन केंद्रांतून पुढे पाठवावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसे येथील केंद्रात रोहित्राला आग लागली, तेव्हा मुंबईत पाणीकपात जाहीर झाली, वृत्तपत्रांत मथळे आले आणि दुरुस्तीची यंत्रणा तातडीने हलली. पाड्यावरील पंप बंद पडतो तेव्हा कपात जाहीर होत नाही. ती केवळ घडते. घरातील बाया हंडे घेऊन दरीची वाट धरतात, आणि त्या बिघाडाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

हा बिघाड बहुधा फार गहन नसतो. झाडाची फांदी तारांवर पडते, तीनपैकी एक फेज जाते; उरलेल्या दोन फेजवर मोटार घुमत राहते, तापते आणि जळते. कधी दाब इतका उतरतो की पंप पाणी उचलू शकत नाही. कधी विहीर आटते आणि पंप कोरडाच फिरत राहतो. मोटार जळली की ती उतरवून तालुक्याच्या गावी न्यायची, वेटोळे पुन्हा भरून आणायचे आणि तोवर टँकर मागवायचा, हा नित्यक्रम ठरतो. एक फेज गेल्यास किंवा विहिरीतील पातळी खालावल्यास पंप आपोआप बंद करणारी उपकरणे बाजारात कित्येक वर्षांपासून मिळतात. मोटारीच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. तरीही त्यांना ‘अतिरिक्त’ खर्च समजले जाते. वस्तुतः ती पंपाचाच भाग होत.

पर्यायी विजेचा विचार करतानाही थोडे गणित मांडणे हितावह ठरेल. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झाले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे त्याचे मान आहे. पाचशे वस्तीच्या पाड्याला या हिशेबाने दिवसाला २७,५०० लिटर पाणी लागेल. ते शंभर मीटर उंच चढवायचे आणि पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरायची, तर सुमारे १५ युनिट वीज पुरते. पाच अश्वशक्तीचा पंप चार तास नीट चालला की काम झाले. म्हणजे पाड्याला चोवीस तास अखंड विजेची गरज नाही. चोवीसांपैकी कोणतेही चार तास चांगल्या विजेचे हवेत, आणि ते हाती लागताच उपयोगात आणणारी व्यवस्था हवी.

त्या व्यवस्थेचा पाया उंचावरची टाकी हा आहे. दोन दिवसांचे, म्हणजे ५५,००० लिटर पाणी मावणारी टाकी ही सर्वांत स्वस्त ‘बॅटरी’ होय. तिला इंधन लागत नाही, आणि वीज नसतानाही नळाला पाणी मिळते. त्यासोबत वीज येताच पंप सुरू करणारा व टाकी भरताच बंद करणारा स्वयंचलित स्टार्टर हवा. मात्र वीज आल्याबरोबर परिसरातील सर्व पंप एकदम सुरू झाले तर रोहित्रावर भार पडून ते पुन्हा बंद पडते, म्हणून प्रत्येक पंप थोड्या वेगळ्या विलंबाने सुरू होईल अशी योजना असावी. डिझेल जनित्र हा अखेरचा उपाय ठरावा. १५ युनिटांसाठी रोज साडेचार-पाच लिटर डिझेल डोंगर चढवत राहणे दरिद्री ग्रामपंचायतीला झेपणारे नाही. सौर पंप अधिक सयुक्तिक आहे, कारण येथे टंचाईचे महिने हेच लख्ख उन्हाचेही महिने असतात.

विहीरच आटली तर पंप काय करणार, हा आक्षेप रास्त आहे. जलसंधारणाला पंप हा पर्याय नव्हे. परंतु जेथे पाणी शिल्लक आहे तेथेही ते मोटारीअभावी वर न येणे, ही निसर्गाची नव्हे, व्यवस्थेची उणीव आहे.

या उणिवेचे मूळ खर्चाच्या विभागणीत आहे. आदिवासीबहुल गावांत जलजीवनच्या गावांतर्गत कामांसाठी लोकवर्गणी भांडवली खर्चाच्या ५ टक्के एवढीच ठेवली गेली, हे योग्यच झाले. परंतु योजना उभी राहिल्यानंतर वीजबिल, दुरुस्ती आणि पंपचालकाचे मानधन यांचा भार ग्रामपंचायतीवर येतो. दिवाळीनंतर येथील असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ज्या महिन्यांत पंपावर सर्वाधिक ताण असतो, त्याच महिन्यांत पाणीपट्टी देणारे हात गावात नसतात. बिल थकते, वीज तुटते आणि लाखो रुपयांची योजना काही हजारांच्या थकबाकीपायी निकामी होते. भांडवलाचा असा अपव्यय श्रीमंत देशालाही परवडणारा नाही.

म्हणून योजनेचे मूल्यमापन पूर्णत्वाच्या दाखल्यावर नव्हे, तर वर्षभरात पंप किती दिवस चालला यावर व्हावे. मंजुरीच्या अंदाजपत्रकातच संरक्षक उपकरणे, पुरेशी टाकी आणि किमान पाच वर्षांच्या देखभालीचा निधी धरावा. तालुक्याच्या ठिकाणी एक-दोन तयार मोटारी राखीव ठेवाव्यात, म्हणजे जळालेली मोटार दुरुस्त होईपर्यंत पाडा तहानलेला राहणार नाही. मिशनची मुदत २०२४ वरून २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आहे. ही वाढीव वर्षे केवळ नव्या नळजोडण्या मोजण्यात खर्ची पडली, तर हिशेबाच्या कागदावर नळ असतील आणि दरीच्या वाटेवर हंडेही असतील. मुंबईच्या पंपांमागे जेवढी दक्षता उभी असते, तिचा अल्पसा अंश या पाड्यांच्या वाट्याला यावा, ही मागणी उपकाराची नाही. ज्यांच्या डोंगरांतून शहराची तहान भागते, त्यांचे ते न्याय्य देणे आहे.