घाट चढणारी पुस्तके

दिवाळी अंकासाठी ‘यंदा वाचावीत अशी पुस्तके’ सुचवा, असे संपादकांचे पत्र आले की मी कपाटाकडे तोंड करून उभा राहतो. सौभाग्यवती चकलीच्या सोऱ्याशी झटत असते. तिथूनच ती विचारते, “मग, यंदा कादंबऱ्या की आत्मचरित्रे?” यंदा उत्तर तयार होते. “सायकली,” मी म्हणालो. तिने सोऱ्या खाली ठेवला.

मराठीच्या प्राध्यापकाने सायकलशर्यतींवरची पुस्तके सुचवावीत, आणि तीही इंग्रजी, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. हे वेड माझ्या डोक्यात एका विद्यार्थ्याने घातले. आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभागलेला आहे. हा मुलगा घाटाखालचा, मोताळ्याकडचा. एस. टी.ची वेळ जमत नाही म्हणून राजूर घाट सायकलीने चढून कॉलेजात येतो, मागच्या बाकावर बसतो आणि माझ्या तासाला डुलक्या घेतो. मी त्याला कधी उठवले नाही. एकदा तास सुटल्यावर तो दाराशी घोटाळला आणि म्हणाला, “सर, सायकलीच्या शर्यतीवर एखादं पुस्तक हाये का हो?”

आमच्या ग्रंथालयात शोधता सायकलदुरुस्तीची एक मार्गदर्शिका तेवढी निघाली. तेव्हा मी बाहेरून पुस्तके मागवू लागलो आणि मागवता मागवता स्वतःच गुंतलो.

सुरुवात करणाऱ्याने जेफ्री व्हीटक्रॉफ्टचे ‘ल टूर’ (२००३) घ्यावे. फ्रान्सभोवती फिरणाऱ्या शर्यतीचा तो शंभर वर्षांचा इतिहास आहे. मजा अशी की ही शर्यत जन्मली वर्तमानपत्राच्या कचेरीत. ‘लोटो’ नावाच्या पत्राला प्रतिस्पर्ध्यावर मात करून खप वाढवायचा होता, म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली हा घाट घातला. साठ जण निघाले, २,४२८ किलोमीटर तुडवून एकवीस परतले. जिंकला मोरिस गारँ, लहानपणी धुराडी साफ करणारा. पत्राचा खप वाढला आणि प्रतिस्पर्धी पत्र पुढल्याच वर्षी बंद पडले. आघाडीवीराचा तो प्रसिद्ध पिवळा सदरा १९१९ साली आला, कारण ‘लोटो’ पिवळ्या कागदावर छापले जाई. विचार केला तर हे स्वाभाविकच आहे. रस्त्याकडेला उभा राहणारा माणूस दोन तास ताटकळतो, आणि शर्यत वाऱ्याच्या झोतासारखी डोळ्यांपुढून निघून जाते. बाकी सारे त्याला दुसऱ्या दिवशी वाचूनच कळायचे. असा खेळ लेखकांच्या हाती न पडता तरच नवल.

या इतिहासातली एक गोष्ट मी भर वर्गात सांगितली, अभ्यासक्रमात नसताना. सन १९१३. यूजेन क्रिस्तोफ हा स्वार पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरत असता पुढचे चाक धरणारा चिमटा मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्वाराने स्वतःच करावयाची. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, दुसरी सायकलही नाही. गड्याने सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरांहून अधिक चालत खालचे गाव गाठले. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः लोखंड तापवले, ठोकले, चिमटा जोडला. शर्यतीचे पंच शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात गुंतलेले म्हणून भाता मात्र एका पोराने मारला, आणि ‘परक्याची मदत’ घेतल्याबद्दल क्रिस्तोफला दंडाची मिनिटे लागली! काही तास गमावूनही तो शर्यतीत सातवा आला. वर्ग हसला, पण मागच्या बाकावरचा आज जागा होता. “सर, पोरानं भाता मारला त मंग काय बिघडलं?” त्याच्या आवाजात खरोखरीचा राग होता. त्या पंचांवर रागावणारा आमच्या जिल्ह्यातला तो पहिलाच असावा.

असल्या नियमांविरुद्ध स्वारही चिडले. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिये १९२४ साली भावासह शर्यत सोडून गेला. कारण काय, तर थंडीत घातलेला जादा सदरा ऊन चढल्यावर टाकून देण्याची परवानगी नव्हती. पत्रकार आल्बेर लोंद्र याने दोघा भावांना एका उपाहारगृहात गाठले. त्यांनी पिशव्या उघडून डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्या असा सारा ऐवज त्याच्यापुढे मांडला. लोंद्रची ती बातमीपत्रे ‘रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी’ अशा अर्थाच्या नावाने आजही ओळखली जातात. म्हणजे हे दुखणे आजचे नव्हे.

साहित्याच्या माणसासाठी रोलाँ बार्तचा एक निबंध आहे. ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहात त्याने ही शर्यत महाकाव्य म्हणून वाचली आहे. तीत वीरांची नावे आहेत, बिरुदे आहेत, आणि डोंगर जणू देवता आहेत. व्हाँतू नावाच्या बोडक्या डोंगराला तर तो बळी मागणारा दुष्ट देव म्हणतो. (१९७२च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हा निबंध गाळला आहे, तेव्हा प्रत पारखून घ्यावी.) हे छापल्यानंतर दहा वर्षांनी, १३ जुलै १९६७ रोजी, त्याच व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार कोसळून मेला. रणरणते ऊन होते आणि शरीरात उत्तेजक औषध सापडले. विल्यम फॉदरिंगहॅमचे ‘पुट मी बॅक ऑन माय बाइक’ (२००२) हे त्याचे चरित्र आहे. नाव सिम्प्सनच्या अखेरच्या शब्दांवरून दिलेले, आणि ते शब्द तो नेमके तसे बोललाच नव्हता, हे लेखक प्रामाणिकपणे सांगतो. भक्तीही नाही, निंदाही नाही. चरित्र असे लिहावे.

इथवर आल्यावर माझ्यातला मास्तर अडला. पुढचे पुस्तक पॉल किमेजचे ‘रफ राइड’ (१९९०). हा आयरिश तरुण पोटासाठी या शर्यती धावला. मोठा विजेता तो कधीच नव्हता. इतरांचे पाणी वाहणारा, मागे पडणाऱ्यांतला. आत काय टोचले जाते ते त्याने स्वतःसकट लिहिले, आणि सोबत्यांनी त्याला वाळीत टाकल्यासारखे केले. ज्याला नुकते कुठे स्वप्न पडू लागले आहे त्याच्या हाती हे द्यावे का? मी ते आठवडाभर टेबलाच्या खणात ठेवले. शेवटी पोराने आपण होऊनच तोंड उघडले. कुठल्याशा शर्यतीत निघण्यापूर्वी एकाने त्याला गोळी देऊ केली होती. “ताकदीची हाये म्हने.”

“मग?”

“नाई घेतली. चवथा आलो.” जरा थांबून म्हणाला, “ज्यानं घेतली थो दुसरा आला, सर.”

पुस्तकाची चौकशी तो कशासाठी करीत होता, हे मला तेव्हा उमगले. मी खण उघडला.

लान्स आर्मस्ट्राँगचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ (२०००) मात्र एकटे वाचू नये. कर्करोगातून उठलेल्या विजेत्याची ती गोष्ट लाखोंनी डोळे पुसत वाचली, आणि २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्याचा जुना साथी टायलर हॅमिल्टन याचे ‘द सीक्रेट रेस’ (२०१२) शेजारी ठेवावे. पहिले वाईट लिहिलेले नाही, हीच तर त्याची अडचण.

आपल्याकडे काय? मुंबईहून १९२३ साली निघालेल्यांपैकी तिघे पारशी तरुण, हकीम, बापासोला आणि भूमगरा, सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. त्यांचे ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ (१९३१) जरूर वाचावे. शर्यत नसली तरी दम तोच. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीने पुरी केली, तर आमच्या विदर्भातल्या, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने, बारा दिवसांच्या आत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा सर करणाऱ्याला आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतो. किती सुंदर बिरुद! पण त्या राजाच्या मनात खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत काय चालते, ते सांगणारे मराठी पुस्तक मला अजून भेटायचे आहे.

ते कसे लिहावे याचा नमुना म्हणजे टिम क्राबे या डच लेखकाची ‘द रायडर’ (मूळ १९७८, इंग्रजी २००२) ही चिमुकली कादंबरी. साऱ्या यादीतले एकच घ्यायचे तर हे. फ्रान्समधल्या डोंगराळ भागातली एका दिवसाची शर्यत, किलोमीटरमागून किलोमीटर. लेखक बुद्धिबळपटू असल्याने पायांइतकाच डोक्याचाही हिशेब चालू असतो. कोण कुणाच्या आडोशाने वारा चुकवतो, कोण दमल्याचे सोंग करतो, हे वाचताना मला आमच्या भाऊबंदकीची आठवण झाली. शेवट सांगत नाही.

परवा तो मुलगा किमेज परत करायला आला. समासात पेन्सिलीने इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहिले होते, निम्मे चुकीचे, पण शेवटच्या पानापर्यंत. पुस्तकाबद्दल बोलला काहीच नाही. मी क्राबे पुढे केला. त्याने पाने चाळली, जाडी अंगठ्याने मोजली.

“सर, ह्याच्यात घाट किती हायेत?”

मी मोजले नव्हते. त्याला चहा दिला. अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून तो अर्धा कप ठेवून निघाला.