विश्लेषण : ग्लायडर ओढणारे विमान कसे निवडतात? हॉर्सपॉवरपेक्षा वजन आणि हूक महत्त्वाचे का?

ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे त्याला आकाशात कुणीतरी नेऊन सोडावे लागते. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये हे काम जमिनीवरचे विंच यंत्र करते. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेले इंजिन दोर झपाट्याने गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील अनेक क्लबांत मात्र दुसरे विमानच दोर बांधून ग्लायडरला वर नेते. त्याला टो प्लेन किंवा टग म्हणतात. यातील बरीच विमाने आता ४०-५० वर्षांची झाली आहेत. त्यातच त्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिशाचे संयुग १ मे २०२५ पासून युरोपीय संघात विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे पुढचे विमान कोणते घ्यायचे, हा प्रश्न क्लबांपुढे उभा आहे. अशा वेळी पहिली नजर जाते ती हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे आणि तिथेच गल्लत होते.

टो प्लेनचे काम नेमके काय?

साधारण ६० मीटर दोराच्या टोकाला ग्लायडर जोडून ताशी १०० ते १३० किलोमीटर वेगाने ६०० मीटरपर्यंत चढायचे. ग्लायडरने दोर सोडला की लगेच खाली यायचे, पुढचा ग्लायडर जोडायचा आणि पुन्हा निघायचे. गर्दीच्या सुट्टीच्या दिवशी अशा तीसेक फेऱ्या सहज होतात. बहुतेक छोटी विमाने एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी बनवलेली असतात. टो प्लेन आयुष्यभर कुठेच जात नाही. त्याच्या इंजिनाला एकतर पूर्ण ताकद लावावी लागते, नाहीतर जवळपास काहीच नाही. चाके, ब्रेक, इंजिन हे सारे अशा वापराने झिजते. कागदावर उत्तम दिसणारे प्रवासी विमान या कामात दोन हंगामांत दमते, ते यामुळेच.

मग शेतात फवारणी करणारे विमान इथे कसे आले?

पायपर कंपनीचे पॉनी हे जगातील सर्वाधिक ओळखीचे टो प्लेन. पण ते जन्माला आले पिकांवर औषध फवारण्यासाठी. फ्रेड वीक या अमेरिकी अभियंत्याने त्याचा आराखडा केला. १९५९ पासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पाच हजारांहून अधिक पॉनी तयार झाली. फवारणीचे विमान जड टाकी घेऊन कच्च्या पट्टीवरून उडते, कमी वेगात ताकदीने चढते आणि दिवसभर चढउतार करते. ग्लायडर ओढणाऱ्यालाही हेच हवे असते. शिवाय फवारणी करताना अपघात होणारच, हे गृहीत धरून वीक यांनी वैमानिकाला उंच आणि मागे बसवले. पुढचे लांब नाक आणि औषधाची टाकी धडकेचा मार आधी झेलते.

क्लबांनी या विमानात पुष्कळ फेरफार केले. फवारणीच्या नळ्या काढल्या, मागे हूक बसवला, ग्लायडर दिसावा म्हणून आरसा लावला. सुरुवातीच्या मॉडेलांत इंधनाची टाकी इंजिन आणि औषधाच्या टाकीच्या मध्ये होती. नंतरच्या डी मॉडेलमध्ये ती पंखांत गेली. आगीचा विचार करता हा बदल लहान नाही, जुने विमान विकत घेताना तो आधी पाहायला हवा. तसाच पंख जिथे धडाला जोडला जातो तो भागही. तिथल्या गंज आणि तड्यांच्या तपासणीसाठी अमेरिकी नियामकाने आदेश काढलेला आहे. एक उणीव मात्र फेरफाराने जात नाही. पॉनीत एकच आसन आहे. नव्या टो वैमानिकाला शिकवायला शेजारी कुणी बसू शकत नाही. पहिल्या दिवशी तो एकटाच असतो. फ्रान्समध्ये १८० हॉर्सपॉवरचे चार आसनी रोबँ डीआर ४०० लोकप्रिय झाले, त्यामागे हेही एक कारण आहे.

ताकद नेमकी कुठे खर्च होते?

याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. ८०० किलोचे टो प्लेन, ६०० किलोचा दोन आसनी ग्लायडर, वेग ताशी १२० किलोमीटर आणि सेकंदाला दोन मीटर चढ, असे धरू. एवढे १४०० किलो वजन वर उचलायला सुमारे ३७ हॉर्सपॉवर लागतात. ग्लायडर हवेत इतका सफाईदार असतो की त्याला पुढे ओढायला जेमतेम सात-आठ हॉर्सपॉवर पुरतात. टो प्लेनला स्वतःला हवेतून ढकलायला मात्र चाळीसच्या वर लागतात. एकूण होतात साधारण ९०. कमी वेगात पंखा इंजिनाच्या ताकदीतील ६० टक्क्यांच्या आसपासच वापरू शकतो, म्हणून इंजिन दीडशे हॉर्सपॉवरचे हवे. थोडक्यात, जड टो प्लेन निम्म्याहून जास्त ताकद स्वतःलाच वर नेण्यात घालवते.

आता टो प्लेन ४५० किलोचे आणि अधिक सुबक आकाराचे घ्या. तोच ग्लायडर, तोच वेग, तोच चढ. गरज ८५-९० हॉर्सपॉवरवर येते. शंभर हॉर्सपॉवरच्या रोटॅक्स इंजिनाची युरोफॉक्ससारखी हलकी विमाने ब्रिटनमधील क्लबांत दिसू लागली, त्यामागचे गणित हे आहे. इंधनातला फरकही डोळ्यांत भरतो. पॉनीचे २३५ हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी ७० लिटरच्या वर पेट्रोल पिते, रोटॅक्स २५-२७ लिटर. शिवाय रोटॅक्सला गाडीत घालतो ते शिसेविरहित पेट्रोल चालते.

इंजिन तेच ठेवून पंखा बदलणे हा सर्वात स्वस्त फेरफार. घाटात गाडी वरच्या गिअरमध्ये रडते, तसेच प्रवासासाठी बसवलेल्या पंख्याचे होते. पात्यांचा कोन कमी केला की इंजिन मोकळेपणाने फिरते आणि चढ सुधारतो. सपाट उड्डाणात वेग घटतो, पण टो प्लेनला त्याची फिकीर नसते. जर्मनीत शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे चार पात्यांचे, कमी व्यासाचे पंखे आणि सायलेन्सर बसवले गेले. पात्याच्या टोकाचा वेग घटला की आवाज बराच उतरतो.

खाली येण्यात कसली अडचण?

इथे पैसा जातो. पाच मिनिटे पूर्ण ताकदीवर तापलेले हवेने थंड होणारे इंजिन एकदम सोडून वैमानिकाने सूर मारला, तर सिलिंडर झपाट्याने थंड होतात आणि कालांतराने त्यांना तडे जातात, असा क्लबांचा अनुभव आहे. म्हणून वैमानिक ताकद टप्प्याटप्प्याने कमी करत उतरतात. प्रत्येक फेरीला मिनिट-दीड मिनिट जास्त जाते आणि रांगेतले ग्लायडर ताटकळतात. रोटॅक्समध्ये सिलिंडरचे डोके पाण्याने थंड होते, त्यामुळे ही कटकट कमी. क्लबांनी चढाचे आकडे जरूर पाहावेत, पण एका तासात किती फेऱ्या होतात, हा आकडा अधिक खरा.

दोर हासुद्धा उतरण्यातला प्रश्न आहे. तो लोंबत ठेवून उतरायचे तर कुंपण, झाडे, रस्त्यावरची माणसे यांच्यावरून पुरेशा उंचीने यावे लागते. काही विमानांत दोर आत गुंडाळणारे छोटे रीळ बसवतात. त्यातच आणीबाणीत दोर कापणारी सुरीही असते.

हूक इतका महत्त्वाचा का?

कारण त्यावर टो वैमानिकाचा जीव असतो. ग्लायडरच्या वैमानिकाचे लक्ष क्षणभर विचलित झाले आणि ग्लायडर टो प्लेनच्या वर झेपावला, तर दोर टो प्लेनची शेपटी वर खेचतो. नाक खाली जाते. काठी पोटाशी ओढूनही उपयोग होत नाही. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते आणि जमीन काहीशे फुटांवर असेल तर सावरायला जागा उरत नाही. एकच उपाय उरतो, दोर सोडणे.

जुन्या श्वायझर पद्धतीच्या हूकमध्ये नेमकी इथे गोम आहे. दोर वरच्या दिशेने जोरात ताणला गेला की खिट्टीवर भार येतो आणि सोडण्याचा दांडा जड होतो. काही विमानांत तो दांडा आसनाजवळ खाली, उलथ्या विमानात हात पोचणार नाही अशा जागी असतो. हूक उलटा बसवणे, दांडा हाताशी आणणे किंवा जर्मन टोस्ट कंपनीचा कडीवाला हूक लावणे, हे यावरचे फेरफार. यापैकी कोणताही फेरफार नियामकाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही आणि त्याला खर्च येतो. म्हणून तो पुढे ढकलला जातो. रंगरंगोटीला पैसे असतात आणि हूकला नसतात, हे चित्र बदलायला हवे.

दोरातच मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा ही दुसरी तटबंदी. अमेरिकी नियमानुसार दोराची तुटण्याची ताकद ग्लायडरच्या कमाल वजनाच्या ८० ते २०० टक्क्यांदरम्यान असावी लागते. दोर त्याहून मजबूत असेल तर ठरावीक ताकदीला तुटणारा दुवा जोडावा लागतो. दुवा महाग नसतो. तरीही तो तुटला की हाताशी असेल तो अधिक मजबूत दुवा लावण्याचा मोह होतो. तेव्हा ही तटबंदी आपल्याच हाताने पाडली जाते.

मग हलके विमान घेतले की झाले?

तसे नाही. टो प्लेन जितके हलके, तितकी त्याची शेपटी सहज उचलली जाते. पाणी भरलेला ८५० किलोपर्यंतचा मोठा ग्लायडर अधिक वेगाने ओढावा लागतो. तिथे पॉनीचे वजन आणि ताकदच कामाला येते. शिवाय हलक्या विमानांना किती किलोचा ग्लायडर ओढता येईल, याची मंजूर मर्यादा असते. नेहमी प्रशिक्षणाचे ग्लायडर ओढणाऱ्या क्लबाला हलके विमान शोभते, स्पर्धा भरवणाऱ्याला एखादे जड ठेवावेच लागते. टोकाचे उदाहरण पर्लान २ या ग्लायडरचे. २०१८ मध्ये अर्जेंटिनात त्याला ४० हजार फुटांच्या वर ओढून नेण्यासाठी ग्रोब एग्रेट हे अतिउंचीवरील निरीक्षणासाठी बनवलेले टर्बोप्रॉप विमान वापरले गेले. तिथून तो ७६ हजार फुटांवर पोचला.

पुण्यासारख्या ठिकाणी हे गणित कसे बदलते?

उन्हाने. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा १६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद अशा वेळी सहाव्या हिश्श्याने घटते, पंखाही कमी ओढतो आणि धावपट्टी जास्त लागते. वर मांडलेल्या हिशेबातले शंभर हॉर्सपॉवर तिथे ८३-८४ उरतात, म्हणजे दोन आसनी ग्लायडरसाठी अपुरे. ११५ हॉर्सपॉवरचे टर्बो असलेले रोटॅक्स ९१४ इथे उपयोगी ठरते, कारण विरळ हवेतही ते ताकद टिकवते. विंचला विमान लागत नाही आणि एका फेरीचा खर्चही कमी येतो. मात्र विंच सहसा ३०० ते ४५० मीटरवर सोडते, तिथून वर नेणारी गरम हवेची लाट सापडली नाही तर ग्लायडर काही मिनिटांत पुन्हा पट्टीवर येतो.