आई थकते, हे मुलांना लिहू द्या



दरवर्षी चौथीला 'माझी आई' हा निबंध मी घेते. आपण सगळेच घेतो. फळ्यावर मुद्दे लिहून देतो: आई पहाटे उठते, सगळ्यांचे डबे करते, आजारपणात रात्रभर उशाशी बसते, आणि शेवटी हमखास 'ती कधीच थकत नाही'. दहा वर्षं मीही हे वाक्य लिहून दिलं. यंदा पुसून टाकलं. का, ते सांगते.

माझ्या वर्गात सिकलसेलचा एक मुलगा आहे. लाल कार्डवाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, प्रत्यक्ष आजार असलेल्याला लाल कार्ड आणि नुसत्या वाहकाला पिवळं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखतं. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, जास्त धावपळ यांनी दुखणं उसळतं. आपल्याकडे थंडी पडते तेव्हाच कापसाची वेचणी जोरात असते. म्हणजे पोराच्या दुखण्याचा आणि आईच्या मजुरीचा हंगाम एकच. वेचणी किलोवर असते. रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवशी किलो कमी भरतात.

हे गणित मला तेव्हा कुठं सुचलं होतं? पोरगा महिन्यात नऊ दिवस गैरहजर, म्हणून मी आईला निरोप धाडला आणि ती आल्या आल्या सुरू झाले, "लेकराच्या शाळेकडे लक्ष आहे का तुमचं?" ती शेतातून तशीच आली होती, कमरेला वेचणीची ओटी बांधलेली. काही बोलली नाही. बाकावर बसली. मी कपाटातून हजेरी काढून वळले, तर बाई बसल्या जागी झोपलेली.

हाक मारली तशी दचकून उठली. "चार रातीपासून पाठ टेकली नाई जी मॅडम. पोट्ट्याचे पाय दुखते, रातभर शेकत बसा लागते."

मग कळत गेलं. नवरा भाड्याच्या ट्रॅक्टरवर, आला तर रात्री उशिरा. सासू म्हणते, तुझ्याच पोटून आलं हे दुखणं. (हे साफ चूक आहे. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी होतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता 25 टक्के असते. हे विज्ञान आपण पालकसभेत सांगायला हवं, म्हणजे निदान टोमणे तरी कमी होतील.) सहावीतली मोठी बहीण आई दवाखान्यात गेली की घर सांभाळते, स्वयंपाक करते, शाळा बुडवते. म्हणजे एका आजारात दोन मुलांची शाळा जाते आणि आपल्या हजेरीत मात्र ती दोन वेगवेगळी 'अनियमित' मुलं दिसतात.

सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार आहे. तपासणी होते, गोळ्या मिळतात. पण हे सगळं रुग्णासाठी. आई त्याला घेऊन एसटीने यवतमाळला जाते तेव्हा तिचं तिकीट अर्धं लागतं, तेही ती महिला आहे म्हणून. सांभाळणारी म्हणून तिची कुठं नोंदच नाही.

आणि आपण तिला काय सांगतो? "स्वतःची काळजी घ्या हं." व्हॉट्सअॅपवर तर रोज येतं, सकाळी चालायला जा, ध्यान करा, छंद जोपासा. ही बाई शेतात जायला-यायलाच रोज चार किलोमीटर चालते! आठवड्यातून दोन रात्री तिच्याऐवजी दुसरं कुणीतरी जागलं पाहिजे, एवढीच तिची गरज आहे. माझं मत स्पष्ट आहे: काळजी घेणाऱ्याची काळजी म्हणजे कामाची वाटणी. वाटणी न करता दिलेला सल्ला म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम.

हे मी अनुभवाने बोलते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं सगळं मी अंगावर घेतलं, वर नोकरी. कुणी मदत करू म्हटलं की नाही म्हणायचे, 'करते ना मी'. डोकं दुखायचं, भाजीत मीठ दोनदा पडायचं, आणि सगळा राग वर्गातल्या पोरांवर निघायचा. सासूबाईंवरही एकदा ओरडले आणि रात्री न्हाणीघरात जाऊन रडले. शेवटी नणंद आठ दिवस येऊन राहिली. पहिले दोन दिवस मी फक्त झोपले. सासूबाईंचं काही अडलं नाही, उलट त्यांना मुलीच्या हातचं आवडलं. मलाच तेवढं वाईट वाटत होतं.

म्हणून आम्ही पोराच्या वडिलांना शाळेत बोलावलं. आधी म्हणाले, "हे बायांचं काम आहे मॅडम." पण समजावलं, वाद घातला, आणि दर महिन्याच्या गोळ्या ते आणणार असं ठरलं. शेजारच्या काकूंनी पोरीचा स्वयंपाक वाटून घेतला. शाळेतही त्याला बाटली जवळ ठेवायला, पाणी प्यायला आणि लघवीला जायला विचारावं लागत नाही, थंडीत परिपाठाला बाहेर उभं करत नाही, बुडालेला अभ्यास मित्राकडून पोचतो. पैसा एक लागला नाही. ज्यांच्या घरी असं कुणी झिजत असेल आणि बोलायला माणूस नसेल, त्यांनी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक वापरावा. आत्महत्यांच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मनाच्या थकव्याला 'नाटकं' म्हणणं आता तरी बंद व्हावं.

निबंधात यंदा मी मुद्दे दिलेच नाहीत. 'आई कधी थकते, तेव्हा तुम्ही काय करता?' एवढाच प्रश्न दिला. बऱ्याच जणांनी लिहिलं, काही करत नाही. खरं लिहिलं म्हणून पूर्ण गुण दिले.

जानेवारीत वडील पहिल्यांदा एकटे पोराला घेऊन दवाखान्यात गेले. कार्ड घरीच विसरले, दुसऱ्या दिवशी परत गेले. पण गेले. त्या दिवशी आई वेचणीला गेली नव्हती. बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं, मग काय केलं दिवसभर?

"झोपली होती जी," ती म्हणाली.