बाहुलीघरांतील नाताळ

इंग्लंड-अमेरिकेंत बाहुलीघराचे शोकीन नाताळची जुनी शोभा जुन्या बाजारांतून धुंडाळीत असतात. प्रमाण बहुधा फुटास इंच. विंडसरचें, १९२४ सालीं पुरें झालेलें राणी मेरीचें बाहुलीघरही त्याच मापाचें. तेथें सहा फुटी झाड सहा इंचांचें, आणि झाडावरचा दोन इंची कांचगोळा दोन फुटी भोपळा! म्हणून तुटक्या माळेचे बारीक मणीच खरे कामाचे. जर्मनींतील लाउशा गांवचे जुने गोळे मिळाल्यास धुऊं मात्र नयेत, रंग सुटतो.

आम्हांस चिंता वाटते ती झाडावरच्या रुपेरी झिरमिळ्यांची. अमेरिकेंत १९७२ च्या सुमारास बंद होईपर्यंत त्या पुष्कळदां शिशाच्या असत. हातास जड लागणाऱ्या, सरळ लोंबणाऱ्या झिरमिळ्या फुकट मिळाल्या तरी मुलांच्या बाहुलीघरांत येऊं देऊं नयेत.