शिकाऊ उमेदवारी रेल्वेत, नोकरी मात्र परीक्षेच्या पलीकडे : आयटीआयधारकांपुढील पेच

देवनहळ्ळी (बेंगळूरू) : येलहंका–चिक्कबळ्ळापूर मार्गावरील देवनहळ्ळी हे काही वर्षांपूर्वीपर्यंत एक शांत स्थानक होते. २००८ मध्ये केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि या तालुक्याचे अर्थकारण बदलले. विमानतळाच्या परिसरात अवकाश व संरक्षण उत्पादनाची औद्योगिक वसाहत उभी राहिली. देवनहळ्ळी–दोड्डबळ्ळापूर पट्ट्यातील फॉक्सकॉनच्या प्रकल्पात २०२५ मध्ये आयफोनची जुळणी सुरू झाली. दक्षिणेला येलहंक्यात रेल्वेची चाके आणि आस घडविणारा ‘रेल व्हील फॅक्टरी’ हा कारखाना १९८४ पासून कार्यरत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, फिटर वा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडणाऱ्या येथील तरुणापुढे त्यामुळे दोन वाटा आहेत. एक खासगी कारखान्याच्या फाटकाकडे जाते आणि आज ना उद्या वेतन देते. दुसरी रेल्वेकडे जाते, ती लांब आहे. मात्र तिच्या शेवटी कायम नोकरी आहे.

या दुसऱ्या वाटेवर दर भरतीत लाखो उमेदवार उतरतात. त्यांच्यापैकी अनेकांचा समज असा की, रेल्वेच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली म्हणजे नोकरीवर निम्मा हक्क सिद्ध झाला. कायदा आणि भरतीचे नियम तपासले असता हा समज टिकत नाही. व्यवसाय प्रमाणपत्र अर्ज करण्याची पात्रता देते. निवड ठरते ती गणित, बुद्धिमत्ता चाचणी व सामान्य विज्ञान यांच्या परीक्षेवर. हाताच्या कौशल्याला या निवडीत असलेले स्थान अपेक्षेपेक्षा बरेच लहान आहे.

शिकाऊ उमेदवारीचे गणित

शिकाऊ उमेदवारांची निवड तुलनेने सोपी असते. तिच्यासाठी लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर गुणवत्ता यादी लागते. हुबळ्ळी येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेने २०२३ मध्ये ९०४ शिकाऊ जागांसाठी अर्ज मागविले होते. त्यांपैकी २३० जागा बेंगळूरू विभागात, तर २१७ हुबळ्ळीच्या डबे दुरुस्ती कार्यशाळेत होत्या. येलहंक्याच्या चाक कारखान्याने २०२४ मध्ये १९२ जागा जाहीर केल्या. त्यांत ८५ फिटरच्या होत्या. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर या समूहांत मिळून मध्य रेल्वेची अशी जाहिरात त्याच वर्षी २,४२४ जागांची होती.

प्रशिक्षण साधारण वर्षभराचे असते. त्या काळात मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे. २०१९ च्या सुधारित नियमांनी विद्यावेतनाची किमान मर्यादा पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरविली होती. वर्षाअखेरीस परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हाती येते आणि रेल्वेशी असलेला करार संपतो.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याच्या २२ व्या कलमानुसार प्रशिक्षित उमेदवारास नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने अशा उमेदवारांच्या भरतीबाबत स्वतःचे धोरण आखावे, एवढी तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास प्राधान्य द्यावे, असे तत्त्व मांडले. प्राधान्य आणि हक्क यांतील हे अंतरच पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

दादर–माटुंग्याचा धडा

या अंतराची तीव्रता देशाला दिसली ती मुंबईत. २० मार्च २०१८ रोजी सकाळी शेकडो शिकाऊ उमेदवार दादर आणि माटुंगा स्थानकांदरम्यान रुळांवर उतरले. ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक साडेतीन तासांहून अधिक काळ ठप्प झाली. रेल्वेत प्रशिक्षण घेतलेल्यांना थेट सामावून घ्यावे आणि त्यांच्यासाठीची २० टक्क्यांची मर्यादा रद्द करावी, ही त्यांची मागणी होती.

ही २० टक्क्यांची तरतूद म्हणजेच २०१४ च्या दुरुस्तीनंतर रेल्वेने स्वीकारलेले धोरण. ट्रॅक मेंटेनर, पॉइंट्समन, कार्यशाळांतील सहायक अशा ‘लेव्हल-१’ पदांच्या थेट भरतीत एक पंचमांश जागा रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी ठेवल्या जातात. २०१८ च्या ६२,९०७ पदांच्या भरतीत त्या सुमारे १२,६०० होत्या. त्यांच्यासाठीही संगणकाधारित परीक्षा द्यावी लागतेच. आंदोलनानंतर रेल्वेने या जागांसाठी अर्जाची मुदत वाढविली, परीक्षा मात्र कायम राहिली.

रेल्वेची बाजू निराधार नाही. सार्वजनिक नोकरीत सर्वांना समान संधी देणे ही संविधानाच्या १६ व्या कलमाची अट आहे. गुणांच्या सरासरीवर शिकाऊ म्हणून आलेल्यांना परस्पर कायम केले, तर खुल्या स्पर्धेचा दरवाजाच बंद होईल. उमेदवारांची बाजूही तितकीच खरी आहे. ज्या कार्यशाळेत त्यांनी वर्षभर प्रत्यक्ष काम केले, तेथील पदासाठी होणाऱ्या परीक्षेत त्या कामाविषयी फारसे काही विचारले जात नाही.

परीक्षेत कौशल्य कोठे?

‘लेव्हल-१’ ची परीक्षा १०० प्रश्नांची असते : गणित २५, सामान्य विज्ञान २५, बुद्धिमत्ता ३० आणि चालू घडामोडींसह सामान्य ज्ञान २०. त्यानंतर शारीरिक क्षमता चाचणीत पुरुष उमेदवाराला ३५ किलो वजन उचलून दोन मिनिटांत १०० मीटर चालावे आणि ४ मिनिटे १५ सेकंदांत एक किलोमीटर धावावे लागते. या पदांसाठी दहावी किंवा आयटीआय यांपैकी एक पात्रता पुरेशी धरली जात असल्याने आयटीआयधारकाला येथे वेगळे वजन मिळत नाही.

तंत्रज्ञ श्रेणी-३ हे पद तर आयटीआयधारकांसाठीचेच. तरीही २०२४ च्या अधिसूचनेतील १०० प्रश्नांमध्ये ४० सामान्य विज्ञानाचे, गणित व बुद्धिमत्तेचे प्रत्येकी २५ आणि सामान्य ज्ञानाचे १० होते. ट्रेडची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नव्हती. सहायक लोको पायलटच्या दुसऱ्या टप्प्यात ७५ प्रश्नांचा ट्रेडवर आधारित भाग असतो. त्यात ३५ टक्के गुण मिळविणे आवश्यक आहे, परंतु ते गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. यादी लागते ती दुसऱ्या टप्प्याच्या ‘अ’ भागाचे ७० टक्के आणि अभियोग्यता चाचणीचे ३० टक्के यांवर.

या पदासाठी आयटीआयऐवजी अभियांत्रिकी पदविका वा पदवीही ग्राह्य असल्याने आयटीआयधारकाची स्पर्धा थेट अभियंत्यांशी होते. पात्र ट्रेडच्या यादीत फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक, वायरमन आदींचा समावेश आहे, वेल्डर नाही. वैद्यकीय निकष सर्वांत कडक ‘ए-१’ श्रेणीचा असून चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६ असावी लागते. या अटी अनेकांना उशिरा कळतात. काहींची वर्षे तेवढ्यात खर्ची पडलेली असतात.

वयाशी लागलेली शर्यत

या वाटेवरील सर्वांत मोठी किंमत वेळेची आहे. २०१९ मध्ये १ लाख ३ हजार ७६९ ‘लेव्हल-१’ पदांची अधिसूचना निघाली. एक कोटीहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा झाली ती ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ या काळात. कोरोनाची साथ मधे होती हे खरे. पण विसाव्या वर्षी अर्ज भरलेला उमेदवार परीक्षेच्या खोलीत पोहोचला तेव्हा तेवीस वर्षांचा झाला होता. सहायक लोको पायलट भरतीची अधिसूचना जानेवारी २०२४ मध्ये निघाली, जूनमध्ये पदे ५,६९६ वरून १८,७९९ झाली, पहिला टप्पा नोव्हेंबरमध्ये आणि दुसरा मे २०२५ मध्ये पार पडला. म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंतच सोळा महिने गेले.

२०२५ च्या आरंभी जाहीर झालेल्या ३२,४३८ ‘लेव्हल-१’ पदांसाठीही अर्जांनी एक कोटीचा आकडा ओलांडला. म्हणजे एका पदामागे तीनशेहून अधिक उमेदवार. २० टक्क्यांच्या हिशेबाने शिकाऊ उमेदवारांच्या वाट्याला यातील साधारण साडेसहा हजार जागा येतात.

हे आकडे ठाऊक असूनही ओढ कमी होत नाही, याची कारणे उघड आहेत. ‘लेव्हल-१’ चे मूळ वेतन १८,००० आणि ‘लेव्हल-२’ चे १९,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वैद्यकीय सुविधा, प्रवासाचे पास आणि पदोन्नतीची शिडी. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्यायही खुला झाला. देवनहळ्ळीच्या संदर्भात आणखी एक बाब आहे. येथील अनेक कुटुंबांच्या जमिनी विकासकामांत गेल्या. चन्नरायपट्टण होबळीतील १,७७७ एकरांचे भूसंपादन राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या तीन वर्षांहून अधिक चाललेल्या आंदोलनानंतर जुलै २०२५ मध्ये मागे घेतले. ज्या घरात जमिनीची शाश्वती डळमळली आहे, त्या घराला कंत्राटी नोकरी पुरेशी वाटत नाही.

स्थानिकांचा प्रश्न

आपल्या प्रदेशातील रेल्वेत आपल्या मुलांना प्राधान्य मिळावे, ही मागणी बेंगळूरूत आणि मुंबईत वेळोवेळी उठते. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरती परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांवर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ले केले आणि हा प्रश्न राष्ट्रीय राजकारणाचा झाला. पुढे परीक्षा प्रादेशिक भाषांतून घेण्याचे धोरण आले. आज रेल्वे भरती मंडळाची परीक्षा मराठी, कन्नड आणि कोकणीसह १५ भाषांतून देता येते. जन्मस्थान वा निवासाच्या आधारे भेदभावास मात्र १६ वे कलम मनाई करते. बेळगावचा मराठी उमेदवार बेंगळूरू मंडळाकडे अर्ज करू शकतो, तसाच बिहारचाही.

देवनहळ्ळीपर्यंत येणाऱ्या उपनगरी रेल्वेमुळे नव्या आशा निर्माण झाल्या आहेत. बेंगळूरू स्थानकापासूनचा हा सुमारे ४१ किलोमीटरचा मार्ग ‘के-राइड’ या राज्य सरकार व रेल्वे मंत्रालयाच्या संयुक्त कंपनीकडे आहे. तेथील भरती त्या कंपनीची स्वतंत्र बाब असेल; रेल्वे भरती मंडळाच्या जागांशी तिची गल्लत करणे उमेदवारांना महागात पडू शकते. अशा संभ्रमावरच दलालांचा धंदा चालतो. २०२२ मध्ये तमिळनाडूतील २८ तरुणांकडून मोठ्या रकमा घेऊन त्यांना ‘प्रशिक्षण’ म्हणून नवी दिल्ली स्थानकावर महिनाभर गाड्या मोजायला बसविल्याचे उघडकीस आले होते.

पुढे काय

२०२४ पासून रेल्वेने वार्षिक भरती दिनदर्शिका स्वीकारली आहे : पहिल्या तिमाहीत सहायक लोको पायलट, दुसरीत तंत्रज्ञ, अखेरच्या तिमाहीत ‘लेव्हल-१’. ती काटेकोरपणे पाळली गेली, तर ‘जाहिरात कधी येईल’ या प्रतीक्षेत वर्षे घालविण्याची वेळ कमी होईल. कर्नाटकाने टाटा टेक्नॉलॉजीजच्या साहाय्याने १५० शासकीय आयटीआयचे आधुनिकीकरण सुमारे ४,६३६ कोटी रुपयांच्या प्रकल्पातून केले आहे. प्रशिक्षणावर एवढा खर्च होत असताना सर्वांत मोठ्या सरकारी नियोक्त्यांपैकी एकाच्या गुणवत्ता यादीत त्या प्रशिक्षणाचा एकही गुण धरला जाऊ नये, ही विसंगती धोरणकर्त्यांना फार काळ टाळता येणार नाही. खुली स्पर्धा कायम ठेवूनही ट्रेडच्या भागाला गुणांत स्थान देणे शक्य आहे. त्यासाठी २० टक्क्यांची मर्यादा मोडण्याची गरज नाही.

तोपर्यंत आयटीआयधारकासमोरचा व्यवहार्य मार्ग एकच दिसतो. शिकाऊ उमेदवारीकडे नोकरीची हमी म्हणून न पाहता कारखान्यातही चालणारे प्रमाणपत्र म्हणून पाहणे, हाती काम ठेवून परीक्षेची तयारी करणे आणि ट्रेड, दृष्टी व वयोमर्यादा या तीन अटी पहिल्या दिवशीच तपासून घेणे. देवनहळ्ळीत फिटरला काम मिळू शकते, ही या तालुक्याची जमेची बाजू आहे. मराठवाडा वा विदर्भातील अनेक तालुक्यांत तशी दुसरी वाट जवळपास नाही, आणि तेथे रेल्वेच्या प्रत्येक लांबलेल्या भरतीची किंमत अधिक चढी असते.