सर्टिफिकेट दुकानात, बहीण घरात

बारावी सायन्स झालेल्या आपल्या मुली आता फार्मसीकडे बऱ्यापैकी वळताहेत. अक्कलकुव्याचं अली-अल्लाना, पुण्याच्या आझम कॅम्पसमधलं अल्लाना, नवीन पनवेलचं कालसेकर, अशी समाजाच्या संस्थांनी उभी केलेली कॉलेजं आहेत, त्यामुळे आई-वडीलही निश्चिंत असतात. दोन वर्षांचं डी. फार्म., 500 तासांचं प्रशिक्षण, मग फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. इथपर्यंत सगळं छान चालतं.

पुढे काय होतं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. निकाह ठरतो आणि सर्टिफिकेट कुठल्या तरी मेडिकलला ‘लावून’ टाकलं जातं. महिन्याला ठरलेली रक्कम घरी येते. मुलगी घरात, तिचं नाव दुकानात. घरच्यांना यात वावगं वाटत नाही. उलट ‘घरबसल्या कमाई’ म्हणून कौतुक होतं.

1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 स्पष्ट सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. एफडीएचा निरीक्षक दुकानात आला आणि फार्मासिस्टच हजर नसेल, तर मालकाचा परवाना अडचणीत येतोच, पण कौन्सिलच्या यादीतून नाव जाण्याची टांगती तलवार मुलीवर असते. काउंटरवर कुणी चुकीची गोळी दिली तर? तिथेही नाव हिचंच. आणि पाच वर्षांनी तिला खरंच काम करायचं असेल, तेव्हा अनुभव शून्य.

ज्या बहिणी रोज काउंटरवर उभ्या राहतात, त्यांची गोष्ट वेगळी. दुकानात तीन-चार माणसं, त्यात बाई ही एकटीच. पगार किती मागावा, हे विचारायला कुणी नाही. केमिस्टांच्या संघटना आहेत, चांगल्या जोरातही आहेत, पण त्या मुळात दुकानमालकांच्या. नोकरदार फार्मासिस्टने मालकाची तक्रार मालकांच्याच बैठकीत मांडायची का?

लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा छोट्या दुकानालाही लागू आहे, हेही फार कमी जणींना माहीत असतं. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत घटनेपासून तीन महिने. माहितीअभावी मुली गप्प राहतात आणि नोकरी सोडतात.

म्हणून आम्हाला वाटतं की या बहिणींचं आपसातलं जाळं तालुक्या-तालुक्यात हवं. त्यासाठी ना ऑफिस लागतं ना अध्यक्ष. (अध्यक्षपदावरून आपल्याकडे किती चांगली कामं बुडाली, ते वेगळं सांगायला नको.) कुठल्या दुकानात वातावरण बरं आहे, रात्री किती वाजता सोडतात, नमाजला जागा आणि साधं बाथरूम आहे का, हे आधी काम केलेलीच सांगू शकते. बाळंतपणाचा प्रश्न तर थेट याच जाळ्याने सुटण्यासारखा आहे. फार्मासिस्टशिवाय दुकान चालत नाही, म्हणून मालक लग्न झालेल्या मुलीला घ्यायला कचरतो. तिच्या रजेच्या महिन्यांत दुसरी रजिस्टर्ड बहीण, एफडीएला रीतसर कळवून, प्रत्यक्ष उभी राहणार असेल तर ही सबबच उरत नाही. अशी बदलीवर यायला तयार बहीण त्याच गावात असते. फक्त तिचं सर्टिफिकेट कुठल्या तरी दुकानात भाड्याने अडकलेलं असतं.